चौदा फुटांचं घर

अण्णा,

काल नामपल्लीच्या प्रदर्शनात मी एका गाडीत चढले. विकणारा तरुण मोठ्या कौतुकाने बोलावत होता, "आंटी, अंदर आके देखो, पूरा घर है." आत छोटा ओटा होता, बुटका फ्रिज, घडीचा पलंग आणि सरकत्या दारामागे मोरी. हे असं काही हैदराबादेत पहिल्यांदाच आलंय, असं तो सांगत होता आणि मी मान डोलावत होते. खाली उतरल्यावर माझा नवरा म्हणाला, "सांगायचंस ना त्याला." काय सांगायचं होतं? तीस वर्षांपूर्वी चिक्कडपल्लीत एका माणसाने पट्टी, पेन्सिल आणि एक जुनी मिनीबस घेऊन हे सगळं करून ठेवलं होतं, हे? ते त्या घाईगर्दीत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी इंग्रजी पत्रात पत्ता कुठे, समास किती, सगळं घोटवून घेतलं. पण मराठी पत्र तुम्ही शिकवलंत. समोर बसल्यासारखं बोलायचं आणि विषयावर लवकर यायचं. दुसरं मला कधीच जमलं नाही. आजही वेळ लागणार आहे.

कारखान्यात ऐच्छिक निवृत्तीची योजना लागली तेव्हा तुमच्याबरोबरची माणसं घरात कुणी गेल्यासारखे चेहरे करून हिंडत होती. सरकारी कारखान्यातली नोकरी अशी सुटते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तुम्ही मात्र त्या संध्याकाळी आबिड्सवरून उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आलात. योगायोगाने मीही तुमच्याकडे आले होते. चहा अर्धा झाल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "अगं, मी सही केली. आता आपण गाडीत राहायचं."

"कुठल्या गाडीत?"

"ती घ्यायची आहे अजून."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना ताप आहे का बघ गं."

ताप नव्हता. तीस वर्षं तुम्ही टेबलावर वाकून पंपांची चित्रं काढली होती. त्या चित्रांचे पंप झाले, मालगाड्यांत चढले आणि देशभर कुठे कुठे जाऊन बसले. तुम्ही त्यांतला एकही चालताना पाहिला नव्हता. "माझी चित्रं पाणी ओढतात म्हणे," तुम्ही म्हणालात, "एकदा बघून तर येऊ." मला तेव्हा ते हट्टासारखं वाटलं. आज माझी स्वतःची निवृत्ती होऊन चार वर्षं झाली, आणि आयुष्यभराचं काम जाऊन पाहावं इतकी साधी इच्छा माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणालाही झालेली मला आठवत नाही.

एका शाळेने काढून टाकलेली मिनीबस तुम्ही आणलीत. तिच्या आतल्या पत्र्यावर मुलांनी कंपासपेटीच्या टोकाने कोरलेली अक्षरं होती. पण तिला हात लावायच्या आधी तुम्ही जे केलंत ते फक्त तुम्हीच करू जाणे. भाड्याच्या त्या घरातला हॉल रिकामा केलात आणि शहाबादी फरशीवर खडूने गाडी आखलीत. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद. दार, चूल, पलंग, पाण्याची टाकी, सगळं खऱ्या मापाचं. मग फर्मान निघालं: पंधरा दिवस या रेघांच्या आत राहायचं. स्वयंपाक आत, झोप आत, पाहुणा आला तरी आत. फक्त आंघोळीला बाहेर. "कागदावरची चूक रबराने जाते," तुम्ही म्हणालात, "पत्रा कापल्यावर जात नाही."

मी रोज ऑफिसातून येताना डोकावून जायची. ते दृश्य अजून तसंच डोळ्यांपुढे येतं. आई खडूच्या चौकोनात स्टोव्हपाशी बसून फोडणी करते आहे, आणि तुम्ही तिच्यापासून दोन हातांवर वही घेऊन, तिचं कोपर किती वेळा रेघेबाहेर जातं ते मोजता आहात. शेजारच्या तेलुगू मावशी कढीपत्ता द्यायला येतात, नेहमीसारख्या सरळ चालत. आई ओरडते, "अय्यो, भिंतीतून आलात!" मावशी तशाच एका पायावर थांबतात. "मग दार कुठंय अम्मा?" तुम्ही अत्यंत गंभीरपणे बोट दाखवता. त्या मागे फिरून दारातून आत येतात, खाली वाकून, कारण तुम्ही सांगितलेलं असतं की दार साडेपाच फुटांचंच आहे. नंतर त्या आणि आई इतक्या हसतात की फोडणी करपते.

तुमचा नियम होता की गाडीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे दोन तरी उपयोग हवेत. परात झाकण म्हणून, उशीच्या अभ्र्यात गरम कपडे. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, मग तुमचे दोन उपयोग कोणते?" तुम्ही "गाडी चालवणं," म्हणालात, "आणि..." दुसरा तुम्हाला सापडेना. "राहू द्या," आई म्हणाली, "एकावर घेते मी तुम्हाला."

नवव्या दिवशी तुमचं भांडण झालं. कशावरून ते आता आठवत नाही, पण मी गेले तेव्हा आई रेघेच्या बाहेर, खिडकीपाशी तोंड फिरवून बसली होती आणि तुम्ही आत उभे होता. "बघ," ती मला म्हणाली, "यांनी टाकीला जागा केली, स्टेपनीला केली. मी रुसले तर जाऊ कुठे? कोपभवन आहे का यात?" दुसरा एखादा हसला असता, नाहीतर चिडला असता. तुम्ही ओणवे झालात, आपला पलंग सहा इंचांनी आखूड केलात, आणि मागच्या दारापाशी बाहेर तोंड असलेली एक घडीची फळी आखलीत. "ही तुझी," म्हणालात. "इथे बसलीस की मी हाक मारणार नाही." पुढे तुम्ही त्या गाडीत पाय दुमडून झोपलात, तेही तक्रार न करता. मी लग्न, संसार याबद्दल बरंच ऐकलं-वाचलं, पण त्या सहा इंचांहून मोठं काही पाहिलं नाही.

मग गाडी मुशीराबादच्या वेल्डरकडे गेली. तुमचं चित्र बघून ते म्हणाले, "साब, बच्चे घर से निकाल दिये क्या?" तुम्ही म्हणालात, "नै उस्ताद, हमीच निकल रे." चार महिन्यांत गाडी तयार झाली. घरमालकांना कळवलंत, कपाटं वाटून टाकलीत. दसऱ्याला निघायचं ठरलं.

आणि इथे मी विषयावर येते.

त्याच पावसाळ्यात मला बेगमपेटच्या त्या नव्या परदेशी कंपनीत नोकरी लागली. सरकारी कचेरीतली टायपिस्ट मी, सिस्टरांच्या इंग्रजीवर एका मुलाखतीत कुठच्या कुठे गेले. तुम्ही सगळ्या गल्लीत सांगत फिरलात. पण तिथे सुटायची वेळ ठरलेली नव्हती, माझी लेक तीन वर्षांची होती, नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तेव्हा पाळणाघर म्हणजे काय ते कुणाला माहीत? एका दुपारी तुम्ही वेल्डरकडे असताना मी आईकडे आले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, "मला एक वर्ष दे. एकच. पण अण्णांना कळू देऊ नकोस, ते लगेच गाडी विकतील." मला तुमची खात्री होती. आई माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला सांगितलं, "गुडघे फार धरलेत हो. एक वर्ष थांबू या."

तुम्ही एका शब्दाने कुरकुरला नाहीत. घरमालकांना पुन्हा विनवून घर ठेवलंत. मग वही काढलीत, आणि आईला खुर्चीवर बसवून तिचा पाय किती वर उचलतो ते टेपने मोजलंत. गाडीच्या दाराला दोन पायऱ्या होत्या. तुम्ही तिसरी केलीत, मग तिची उंची दोनदा बदललीत. बाजूला धरायला दांडी लावलीत आणि तिला कापड गुंडाळलंत, हाताला गार लागू नये म्हणून. रोज रात्रीच्या जेवणाआधी तेल गरम करून तिच्या धडधाकट गुडघ्यांना चोळत बसायचात. एकदा मी लेकीला न्यायला आले तर आई तेल लावून घेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी लेकीच्या चपला शोधायला लागले.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही निघालात. दर आठवड्याला एक पोस्टकार्ड यायचं. नागार्जुनसागरच्या बाजूला एका शेतात तुमचा पंप सापडला, शेतकरी म्हणाला बावीस वर्षं चालतोय. तुम्ही त्याच्यावर हात ठेवून उभे राहिलात आणि आईने तुम्हाला रडताना पाहिलं. ते अर्थात तिने नंतर सांगितलं. कार्डावर एवढंच होतं: "पंप उत्तम. आवाज थोडा जास्त." एकावर लिहिलं होतं, "तुझ्या आईचे गुडघे एकदाही दुखले नाहीत. पायरीचा उपयोग झाला." ते कार्ड मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, घरी आणलं नाही.

अकरा महिने. अकराव्या महिन्यात, कारवारच्या अलीकडे, दुपारी जेवून पडलात ते उठला नाहीत. तुमच्या वहीत अजून चौदा पंपांच्या जागा लिहिलेल्या होत्या.

आई नंतर नऊ वर्षं माझ्याकडे होती. जिने भराभर चढायची. ती त्या वर्षाबद्दल कधीच काही बोलली नाही, मीही नाही, आणि ती गेल्यावर हे माहीत असलेली मी एकटीच उरले. कितीदा हिशेब मांडला, की तेव्हाच निघाला असता तर अकराचे तेवीस झाले असते. तुम्हाला सांगावं, माफी मागावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण इथवर येऊन माफीचं वाक्य काही लिहिता येईना. दोनदा लिहून खोडलं. कारण त्या एका वर्षावर माझी पुढची पंचवीस वर्षं उभी राहिली, आणि ती मला आवडली, अण्णा. पुन्हा ती दुपार आली तर मी पुन्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवीन आणि तेच मागेन.