बापाच्या नावाचा रकाना

बीड
ता. ९ सप्टेंबर २०२५

अर्जुनराव यांना दिलावरचा सलाम.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं बाजारात कळलं. आता काठीवाचून चालता येतं का? इकडं पाऊस लई झाला. आतिफच्या गॅरेजात दोनदा पाणी शिरलं. माझ्या घरवालीला, आमिनाबीला, दम लागतो, पण हिंडती-फिरती हाय. बाकी ठीक.

ठीक असं लिहिलं खरं, पण ते खरं न्हाई. तुम्हाला तीनदा फोन लावला. तुमी घेतला न्हाई, आणि त्यात तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. दोन वर्षांपूर्वी पाटोद्याच्या बाजारात चार माणसांत तुमी मला जे बोललात, त्यानंतर मीही तुमचं दार सोडलं. जन्मभर कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले. आज स्वतःचा लिहिताना हात चालत न्हाई.

माझी नात, आतिफची नाजिया, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय. ती घरीच जन्मली, नोंद करायची राहून गेली. कॉलेजसाठी आतिफनं उशिराचा दाखला काढला होता. आता तसे दाखले पुन्हा तपासतायत, त्यात तिचा रद्द झाला. नोटीस आली की घराण्याची जुनी मूळ नोंद दाखवा, न्हाईतर फसवणुकीचा गुन्हा. सुनावणी २४ तारखेला. कॉलेजनं परीक्षेचा फॉर्म थांबवलाय. एक हवालदार घरी येऊन विचारून गेला, तुम्ही मूळचे कुठले. त्या दिवसापासून पोरगी नीट जेवत न्हाई. परवा मला म्हणाली, "दादा, तुम्ही सगळ्यांची घराणी शोधून दिली. आपलं कावून सापडंना?"

मी तिला काय सांगू? आपलं मला सापडलेलं हाय. कुठल्या वहीत, कुठल्या पानावर, सगळं ठाऊक हाय. पण ती वही मला बघता येत न्हाई.

कचेरीतली नोंदींची खोली मी आपलीच समजत होतो. निजामाच्या काळच्या जन्ममृत्यूच्या वह्या उर्दूत, तीही घाईघाईनं लिहिलेली. ती वाचणारे आता जिल्ह्यात दोघंच उरलो, त्यातला दुसरा अंथरुणाला खिळलाय. देशमुखांपासून खाटकांपर्यंत किती घरांच्या वंशावळी मी त्या खोलीत बसून जुळवल्या. गेल्या वर्षी नियम आला. वही बाहेरच्या वाचकाला दाखवायची न्हाई. नोंदीची नक्कल फक्त वारसाला, आणि वारस असल्याचा कागद आधी पाहिजे. नियम कावून आला तेही मला माहीत हाय. जुन्या पानांवर नव्या शाईनं घुसवलेली नावं मी स्वतः बघितलीत. पण मी कधी एक टिंब बदललं न्हाई, अर्जुनराव.

मी शाळेत गेलो न्हाई हे तुम्हाला ठाऊक हाय. तुमी शाळेत जायचा तेव्हा मी अब्बांपाशी उर्दू गिरवायचो. त्यामुळं अब्बांचा मुलगा मीच, असं सांगणारा जुना कागद माझ्याकडं न्हाई. आधार, मतदान कार्ड धरत न्हाईत. उत्तरेश्वर तिथं कारकून हाय. उर्दू आकडे त्याला मीच शिकवले. तो मान वर न करता म्हणाला, "चाचा, तुम्ही त्यांचे वारस असल्याचं दाखवा, मग वडलांची नोंद देतो." मी म्हणालो, ते दाखवायलाच तर ती नोंद पाहिजे. तो म्हणाला, "माझा इलाज न्हाई." चार दिवस मी त्या दारात उभा राहिलो. पाचव्या दिवशी शिपायानं हाताला धरून मला पायऱ्या उतरवल्या.

आता मागणं लिहितो. वही सात, पान एकशे बेचाळीस, फसली १३३४, म्हणजे इंग्रजी १९२४-२५. माझ्या अब्बांचा जन्म त्या पानावर हाय, आणि त्याच पानावर तुमच्या वडलांचा, धोंडीरामकाकांचा. दोघांत नऊ दिवसांचं अंतर. जमिनीच्या फेरफारात तुमचं नाव त्यांचा वारस म्हणून हाय. तुमी त्यांच्या नोंदीसाठी अर्ज केला तर नाकारता येणार न्हाई. कारकुनांना उर्दू येत न्हाई, म्हणून ते आजवर अख्ख्या पानाची नक्कल देत आलेत. अब्बांची ओळ त्यातच येईल.

पत्र इथंच संपवलं होतं. पाकीट चिकटवून आतिफच्या हातात दिलं, आणि तो गाडी चालू करायच्या आत परत मागून घेतलं.

तुमच्या मनात आलंच असेल की हे पान याला कसं ठाऊक. अमरसिंहाच्या दाखल्यासाठी तुमी कुणबी नोंद शोधायला सांगितली, तेव्हा महिनाभरानं मी सांगितलं की नोंद सापडत न्हाई. ते खोटं होतं. नोंद तिसऱ्याच दिवशी सापडली होती. जातीच्या रकान्यात साफ लिहिलंय, कुणबी. तुमच्या नातवाचं मेडिकलचं वर्ष मी घालवलं.

धोंडीरामकाकांच्या त्या ओळीत आईचं नाव छबुबाई हाय. त्यापुढं 'बेवा' लिहिलंय, म्हणजे विधवा. बापाच्या रकान्यात 'नामालूम', म्हणजे ठाऊक न्हाई. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. म्हणून मृत्यूची वही काढली. तुमच्या घरात ज्यांना आजोबा म्हणतात, ते काकांच्या जन्माच्या तीन वर्षं आधीच पटकीनं वारले होते.

तुमच्या भावकीनं तेव्हा वाटणीचा दावा लावला होता. हे पान त्यांच्या वकिलाच्या हाती लागलं असतं तर घर उठलं असतं. तुमची अब्रू राखायला मी गप बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो.

तेही पुरतं खरं न्हाई. मी भ्यालो. तुमच्यासारख्या मोठ्या घरच्या माणसाला त्याच्या आजीबद्दल हे मी, गल्लीतल्या दिलावरनं, कसं सांगायचं? मग बाजारात तुमी म्हणालात, "तुमच्या लोकांना आमचं भलं बघवत न्हाई." तेव्हा सगळं ओठावर आलं होतं. खाली मान घालून घरी आलो.

आज तेच पान उघडा म्हणून तुमच्या पाया पडतोय. ते बाहेर आलं की छबुबाईही बाहेर येतील. माझी नात वाचेल आणि तुमचं घर बोलण्यात येईल. हे न सांगता नुसता पानाचा आकडा पाठवला असता तर मी माणूस राहिलो नसतो. तुमी न्हाई म्हणालात तर समजेन. पण मला दुसरं दार उरलेलं न्हाई.

तुमचा कोण, हे लिहायचा हक्क मी घालवलाय. म्हणून नुसतंच,
दिलावर

*

ता. २१ सप्टेंबर

दिलावर,

गुडगा बरा हाय. आतिफ पत्र घिऊन आला तवा मी त्याला पानीसुदिक इचारलं न्हाई. त्याला सांग, माजं चुकलं.

वाचून तुजा लई राग आला. आजीचा न्हाई, तुजा. दोन वर्सं तू मला येडं ठिवलं. अमरसिंह पुण्यात गोडाऊनमधी खोकी उचलतोय. मग बाजारातलं माजं बोलनं आठवलं, आन राग कुनावर काडावा ते कळंना. तू तवा खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते माजं मला ठावं हाय. तुजा गळा धरला असता. तू भ्याला ते बरुबर भ्याला.

आजी मला आठवती. मला मांडीवर घिऊन भाकर चुरून चारायची. देवाला गेली तरी कुनाच्या मधी उभी ऱ्हायची न्हाई, लांबून हात जोडायची. कावून ते आत्ता कळलं.

सोमवारी कचेरीत गेलतो. अर्ज दिला. शुक्रवारी बोलावलं. वाचायला दुसऱ्या जिल्ह्यातनं सरकारी मानूस आनला होता, त्यानं आमची वळ मोठ्यांदा वाचली. बाकड्यावर आपल्या गावचे तिगं बसलेले. मी घरी पोचायच्या आदी ते गावात पोचलं. थोरला पोरगा दोन दिस माज्या पंगतीला बसला न्हाई. सून जेवान वाढून निघून जाती. भावकीतले वकिलाकडं गेले म्हनत्यात. जाऊ दे.

आन आता तुज्या कामाचं. कागद दिला त्यात नुसती आमचीच वळ हाय. वरचं खालचं सगळं काळं केलंय. दुसऱ्याची म्हायती देता येत न्हाई, हा बी नवा नियम. मी लई भांडलो, टेबलावर हात आपटला. उत्तरेश्वर म्हनला, "अर्जुनआबा, माजी नोकरी जाईल." तुजे अब्बा त्या काळ्याखाली हायेत दिलावर. वर का खाली, ते बी मला वाचता येत न्हाई.

चोवीसला मी येतो. तुज्या अब्बाला मी बगितलंय, माज्या बापाच्या शेजारी बसून इडी वडताना बगितलंय. तू त्यांचा पोरगा, आतिफ तुजा, नाजिया आतिफची, हे शपथेवर सांगतो. तोंडी साक्ष धरतेत का म्हनून उत्तरेश्वरला इचारलं. लिहून घेतेल, धरतेलच असं न्हाई म्हनला. न्हाई धरली तर पुडच्या सायबाकडं जाऊ. सकाळच्या यष्टीनं येतो, स्टँडवर थांब. पोरीला म्हनावं दोन घास खाऊन चल.

साक्षीखाली जशी सही करनार हाय, तशीच हितं करतो.

अर्जुन धोंडीराम छबुबाई