नऊ नंबरचा झोत

३ जून, सोमवार

पोहोचलो. मी आणि माझं सामान दोघंही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी पोहोचलो, हे आमच्या खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. खोली झकास आहे. पलंग, टेबल, एक खुर्ची, जाड लाकडी दार आणि त्याला आतून लोखंडी कडी. खिडकीतून रडारचे सोळा खांब दिसतात. त्यांच्यामध्ये तारा ओढल्यात, जणू एखाद्या अवाढव्य कुटुंबाने कपडे वाळत घालायची सोय केलीये. इतक्या उत्तरेला सूर्य सध्या मावळतच नाही. मावळायलाही वरून मंजुरी लागत असेल.

माणसं दोनच, मी आणि मामा. मामा म्हणजे इथले तंत्रज्ञ. वीस वर्षं इथेच आहेत; खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक. माणूस प्रेमळ, पण शब्द मोजून वापरणारा.

बायकोला फोन करून सांगितलं, इथे सगळं छान आहे. तर म्हणाली, ‘इथे सगळं छान आहे म्हणे!’ माझंच वाक्य मला परत ऐकवायचं आणि शेवटी आपला एक शब्द चिकटवायचा, ही तिची लग्नापासूनची खोड. बावीस तारखेच्या विमानाने येतेय. जागा आवडली तर राहणार, नाही आवडली तर मला एकट्याला वर्षभर इथे सोडून परत जाणार. म्हणजे बावीसपर्यंत सगळं ठाकठीक दिसायला हवं.

५ जून, बुधवार

काम समजून घेतलं. वर आयनांबरात, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर, प्लाझ्माचे ढग वाहत असतात. विजेने भारलेले, डोळ्यांना न दिसणारे. आम्ही त्यांच्या दिशेने सात ठोके सोडतो, मुद्दाम कमी-जास्त अंतराने, म्हणजे आपले ठोके आपल्याला ओळखता येतात. ढगावर आपटून ते सात परत येतात, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून ढग किती लांब ते कळतं. एकशे ऐंशी किलोमीटरच्या आत मात्र आमचं रडार आंधळं. स्वतः ओरडत असताना त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. या बाबतीत ते अगदी मुख्य कार्यालयातल्या आमच्या मोठ्या साहेबांवर गेलंय.

सोळा दिशांना सोळा झोत, पण चालतात पंधराच. नऊ नंबर बंद. यंत्राच्या कपाटावर माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली आहे: ‘नऊ नको.’ मामांना विचारलं, काय बिघाड आहे? म्हणाले, बिघाड काही नाही, नऊ आम्ही सोडतो. का सोडता? सोडतो. यापुढे चर्चा चहावर गेली.

परिणाम असा, की माझा नकाशा समोरचा दात पडलेल्या माणसासारखा हसतो. एकेक ढग छान वाहत येतो, नऊच्या फटीत शिरतो आणि बाहेर पडतो तो अर्धाच. यावर संशोधन काय करायचं, कपाळ? नऊ सुरू करायला परवानगी हवी. अर्ज केला. तीन प्रतींत.

१० जून, सोमवार

मुख्य कार्यालयाचं उत्तर: अर्ज चुकीच्या नमुन्यात आहे. बरोबर नमुना पाठवा म्हटलं, तर तो मागवायला वेगळा अर्ज आहे. तो कोणत्या नमुन्यात करायचा, हे विचारलं नाही. मलाही रक्तदाब आहे.

मामा म्हणाले, साहेब, जाऊ द्या ना, पंधरा झोत काय कमी आहेत? मी म्हटलं, उद्या जेवताना पानातला एक घास रोज सोडायला सांगाल. ते म्हणाले, सांगेन, त्यात विष असेल तर. मग उठून भांडी घासायला गेले.

१४ जून, शुक्रवार

परवानगी आली! नऊ सुरू केला. मामा बाहेर जाऊन खांबांकडे पाठ करून उभे राहिले. करमणूक म्हणून ठीक.

आणि खरोखर, नऊच्या दिशेला अठराशे किलोमीटरवर एक सुंदर, नेटका ढग. बाकीचे सगळे पलीकडे वाहतायत, हा एकटा त्यांच्या उलटा, आपल्याकडे येतोय. शास्त्रात याला जागा नाही, म्हणजे माझ्या नावाला आहे. मोठ्या साहेबांना कळवलं. त्यांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं. हा दुसरा विक्रम.

१७ जून, सोमवार

शनिवार-रविवार नऊ बंद ठेवला होता. ढग शुक्रवारी संध्याकाळी चौदाशेवर जिथे होता तिथेच थांबलेला. आज झोत लावला की हलला. बंद केला की थांबला. चार वेळा करून पाहिलं. आपण बघू तितकाच तो पुढे येतो. आता नऊशे.

आणखी एक. आम्ही सात ठोके सोडतो. त्याच्याकडून आठ येतात. सात आपले, तंतोतंत, आणि शेवटी एक जास्तीचा.

यंत्रात दोष शोधण्यात पाच तास घालवले. दोष नाही. मामांना धरून बसवलं. तेव्हा कुठे बोलले. माझ्या आधीच्या माणसाने नऊ सहा दिवस चालवला होता. मग? मग गेला. कुठे गेला? मामा म्हणाले, माहीत नाही, सकाळी चहा घेऊन आलो तर दार उघडं होतं. आतून उघडलेलं. वहाणा इथेच.

हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का, म्हणून मी ओरडलो. म्हणाले, तुम्ही ऐकलं असतं?

नऊ बंद केला.

१८ जून, मंगळवार

आलो तर नऊ चालू. मोठ्या साहेबांनी तिथे बसल्या बसल्या लांबून सुरू केला. अखंड. त्यांना ढग फार आवडलाय, परिषदेत दाखवायचाय. बंद करा म्हणून विनवलं. म्हणाले, तुम्हीच मागितलात ना? थांबवायचा तर अर्ज करा, कामकाजाचे पंधरा दिवस लागतात. सुरू करायला नऊ, थांबवायला पंधरा!

चारशे तीस किलोमीटर.

बायकोला फोन. सांगितलं, येऊ नकोस. ‘येऊ नकोस म्हणे!’ खोली आवरायचा कंटाळा आलाय, दुसरं काय, म्हणाली. मी खरं कारण सांगायला लागलो. ते माझ्याच कानांना इतकं बावळट वाटलं की मध्येच थांबलो. ती हसली. सामान बांधून झालंय, उद्या पहाटे निघतेय, वाटेत फोन लागायचा नाही, म्हणाली.

सांगण्यासारखं एकच शहाणपणाचं वाक्य होतं, तेच मी गिळलं. मूर्ख.

१९ जून, बुधवार

तिचा फोन बंद. निघाली.

दोनशे दहा. आणि — हे नीट लिहितो — आम्ही ठोके सोडायच्या आधी उत्तर येतंय. आधी त्याचे आठ. मग आमचे सात सुटतात. घड्याळं तपासली. तीनदा. मामांनी चौथ्यांदा.

मोठ्या साहेबांना कळवलं. उत्तर: घड्याळ दुरुस्तीसाठी वेगळा नमुना आहे.

२० जून, गुरुवार

ढग पडद्यावरून गेला. साहेबांचा निरोप, वा, प्रश्न आपोआप सुटला.

सुटला नाही. एकशे ऐंशीच्या आत आलाय. तिथे आपण आंधळे. हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यांच्याच पुस्तकात पान — जाऊ दे.

मामांनी कुणालाही न विचारता मुख्य बटण खाली ओढलं. वीस वर्षांची नोकरी एका हाताने. सगळं बंद. पंखेसुद्धा. कान दुखावेत इतकी शांतता.

ठोके टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावर मात्र, वीज नसताना, सुई हलत राहिली. आठ. थांबून, आठ.

२१ जून, शुक्रवार

आता ठोके छपराच्या पत्र्यावर. भर दुपारी, लख्ख उन्हात. आपल्याच ठोक्यांच्या चालीत. बाहेर जाऊन पाहिलं, छपरावर काही नाही. सावलीसुद्धा नाही.

मामांच्या खोलीवर नाही. फक्त माझ्या.

ठरलं असं: उद्या विमानतळावर मामा एकटे जातील. मी नको. ते माझ्या मागे आहे, मी तिथे गेलो तर तेही तिच्याजवळ जाईल. मामा तिला उतरूच देणार नाहीत, त्याच विमानाने परत पाठवतील. मी कडी लावून बसायचं. मामा म्हणाले, कोणी काही म्हणो, उघडू नका. मी म्हटलं, चहा आणलात तरी? म्हणाले, तरी.

जाताना माझ्या वहाणा उचलून घेऊन गेले. दोघंही हसलो. फारसं नाही.

२२ जून, शनिवार

मामा दहाला गेले. विमान साडेअकराला.

लिहीत बसतो. हाताला काम.

छप्पर गप्प. सकाळपासून एकही नाही. हे बरं की —

अकरा दहा. दारावर. खाली, पायरीजवळ.

सात. मोजले. आठवा नाही आला. आठवा नाही म्हणजे ते नव्हे — म्हणजे माणूस?

पुन्हा सात. हळू. बोटांनी.

विचारू का, तू आलीस का म्हणून? तीच असेल तर उन्हात बॅग घेऊन उभी असेल, चिडलेली. मामांचं ऐकून मी तिला बाहेर ठेवलंय, आणि ते बाहेरच आहे, तिच्याजवळ —

तिचा आवाज! ‘तू आलीस का म्हणे!’

हसतेय. तीच. तोच सूर, तोच शेवटचा शब्द. विमान लवकर आलं असेल, मामांना चुकवून आली असेल, ती कोणाचं ऐकते! उठलो. एका हाताने लिहितोय, दुसरा कडीवर, गंजलीये —

घरघर. वर. विमान. आत्ता येतंय, अजून उतरलं कुठे —

आणि मी तर तिला अजून विचारलंच नव्ह

कडी ओढली गेल