काळ्या मातीवर उभा राहणारा टेकू

मी, गुलनारबी बद्रुद्दीन शेख, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. उजव्या खांद्याबद्दल तसे म्हणता येत नाही. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. थकले आहे, एवढेच. अंगात आहे तोवर कामे उरकावीत म्हणून बसले आहे.

१. घर आणि शेत यांत मी हात घालत नाही. मुलगा फहीम व मुलगी मलिहा यांनी शरियतप्रमाणे आपापला हिस्सा घ्यावा. भांडायचेच असेल तर माझ्या चाळिसाव्यानंतर भांडावे. तोवर आल्यागेल्याला चहा द्यावा.

२. शिलाई मशीन शेजारच्या रुख्मिणीच्या सुनेला, सारिकाला द्यावे. ती सुया मोडेल, पण वापरेल तरी. नणंद हीना हिने माझी तांब्याची परात नेली, ती कोणी परत मागू नये. त्या परातीवरून बोलून बोलून माझे तोंड दुखले.

३. माझ्या नावच्या परवान्याची ३१५ बोअरची रायफल आहे. रानडुकरे मका उलथून टाकतात म्हणून ती माझ्या मालकांनी घेतली होती. ते गेल्यावर मी परवाना काढला. ते बांबूच्या दोन काठ्या कैचीसारख्या बांधून त्यावर नळी टेकवत. माझा खांदा गेल्यावर तेवढ्याने भागेना, तेव्हा फहीमने पुण्याहून बायपॉड आणला, म्हणजे नळीखाली लावायचा दोन पायांचा टेकू. चकचकीत होता. त्याने तो घरात फरशीवर मांडला, वर रायफल चढवली, हलवून पाहिली आणि खूश झाला. फरशीवर काय, काहीही उभे राहते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. वनखात्याची परवानगी होती, डुक्कर बांधाशी आले होते. मी नको म्हणत असताना फहीमने रायफल घेतली. त्याने नेम धरून जोर दिला तसा टेकूचा एक पाय भेगेत गेला, दुसऱ्या पायाला ताठ धरणारे कुलूप सुटले, नळी वळली आणि बार झाला. शेजारच्या वावरात आमची शेजारीण रुख्मिणी वाकून कापूस वेचत होती. गोळी तिच्या पाठीवरून गेली. ती उभी असती तर जिवानिशी गेली असती.

फहीम म्हणाला, "अम्मी, टेकूच घसरला, माही काय चूक?" त्यानंतर मी त्याच्या हाती रायफल दिलेली नाही. तो रुसला आहे. ईदला येतो आणि बाहेरच्या खोलीत झोपतो.

४. पुढचा टेकू मलिहाने निवडला. नवरा वारल्यापासून ती माझ्याकडे आहे आणि शेत तीच पाहते. अकोल्याच्या दुकानात जाताना तिने पिशवीत आमच्या वावराची माती नेली. दुकानदार हसला. ती म्हणाली, "भाऊ, आमच्या वावरात फरशी नाही." पुठ्ठ्यावर माती पसरून, अर्धी भिजवून, तिने एकेक टेकू मागून रेटून पाहिला. निमुळत्या पायांचा रुतला, तो बाजूला. रेटल्यावर कुलूप करकरले, तोही बाजूला. शेवटी पसरट पावलांचा, दोन्ही पाय वेगवेगळे लांब-आखूड होणारा घेतला. बांधावर एक पाय वर, एक खाली असला तरी नळी सरळ राहते. जड आहे, दिसायला काही नाही.

परवाना माझ्याबरोबर संपेल. वारसांनी रायफल लगेच ठाण्यात जमा करावी आणि मलिहाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. परवाना मिळाला तर रायफल व टेकू तिचे. नाही मिळाला तर विषय संपला. फहीमने संमतीची सही केली आहे. करताना माझ्याकडे पाहिले नाही. फहीम, बेटा, माया कमी नाही रे, तुझ्या घाईची भीती वाटते.

५. इथवर लिहून साक्षीसाठी रुख्मिणीला बोलावले. नवा टेकू अंगणातल्या मातीत रेटून दाखवला. मला वाटले, तिची काळजी मिटेल. ती म्हणाली, "टेकू चांगला हाये, भाभी. पन मी वाकली का मले तुमचं वावर दिसत नाही. आता एका बोंडाले दोनदा मान वर करा लागते." इतके दिवस तिने हे बोलून दाखवले नव्हते. मला रडू आले.

म्हणून ही अट घालते. घोड्यावर बोट नेण्याआधी मलिहाने रुख्मिणीला हाक मारावी. तिची ओ आली आणि ती कुठे आहे ते डोळ्यांनी दिसले, की मगच गोळी. हाकेने डुक्कर पळून जाईल हे मला समजते. पळू द्यावे.

ठिकाण: वडनेर भोलजी
दिनांक: १९ जानेवारी २०२५
सही: गुलनारबी बद्रुद्दीन शेख

आम्हा दोघांसमक्ष गुलनारबींनी हे वाचून पाहिले व सही केली.

साक्षीदार १: मोतीराम सखाराम वानखडे

साक्षीदार २: रुख्मिणी दयाराम इंगळे
(सहीखाली तिच्याच हाताने: मलिहा, मले कमी ऐकू येते. हाक जोरानं मारजो.)