जास्तीचा अर्धा फेरा

प्रिय प्रशील,

त्या सकाळी मी अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला आणि भाकरी थापायला बसले, तेव्हा तुझे आबा ट्रॅक्टर पुसत होते. आपल्या त्या छोट्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग किती ढिलं होतं, तुला ठाऊक आहे. अर्धा फेरा रिकामा जायचा, मग कुठे चाक वळायचं. लिंबाच्या ओळीतून जाताना आबा झाड यायच्या आधीच हात फिरवायला लागत. मी हसले की म्हणत, "हाऊ ट्रॅक्टर नही, बैल शे. येले आधी सांगनं पडस." आणि खरंच, त्याला वळायचं आधी सांगावं लागायचं. पोती भरायची असली की मला पहिल्या गिअरवर चालवायला लावत. मला तो अर्धा फेरा कधी जमला नाही, दरवेळी फांद्या घासायच्या.

त्यांचे खांदे दुखतात म्हणून आदल्या दिवशी तू ट्रॅक्टर चाळीसगावला गिरधर मिस्त्रीकडे नेलास. स्टेअरिंगचे झिजलेले बुश बदललेस, सांधे नवे बसवलेस. आबांनी शेजारच्या पितांबरभाऊंना मुद्दाम बोलावून दाखवलं, पोरानं केलं म्हणून. सकाळी पाटाच्या वळणावर त्यांनी सवयीनं तो अर्धा फेरा दिला, आणि चाक लगेच वळलं.

पेपरात 'नियंत्रण सुटल्याने ट्रॅक्टर पाटात' असं छापून आलं होतं. पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावत मी वाचायला शिकले, त्यामुळे एकेक शब्द पुन्हा पुन्हा वाचायची खोड आहे. 'सुटल्याने' हा शब्द चुकीचा होता. नियंत्रण आदल्याच दिवशी तर आलं होतं. हातांना ते माहीत नव्हतं.

परवा आबांचा पहिला स्मृतिदिन झाला. भंते आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. पिंप्राळ्याच्या तुमच्या घरून स्नेहल एकटी आली. भांडी विसळताना खाली मान घालून म्हणाली, "आई, ते म्हणता, दारातला ट्रॅक्टर भंगारात जाईल तेव्हाच मी घरी येईन." तुझं ताट मी वाढून ठेवलं होतं, ते शेळीपुढे ठेवलं.

तू काही बिघडवलं नाहीस, प्रशील. हे तोंडानं सांगितलं तर आई समजूत काढते असं तुला वाटेल, म्हणून आधी खात्री केली आणि मग लिहायला बसले. काल सकाळी झाडलोट आटोपून मी पदर खोचला, पितांबरभाऊंकडून ट्रॅक्टर चालू करून घेतला, वर बसले, पाटाच्या वळणावरून बागेत नेला आणि परत आणून दारात लावला. जेवढा हात फिरवला, तेवढंच चाक फिरलं.

तुझीच,
आई