दुधाळ पाण्याचा शोध

१४ जानेवारी २०१८, केंब्रिज (टोरोंटोजवळ)

बायको "बघू" म्हणाली. सरळ "नाही" म्हणाली असती तर वाद तरी घालता आला असता. "बघू"शी कोण भांडणार?

मार्चमधली जपानची सहल. देवळं चालतील, बुलेट ट्रेन चालेल, हिरवा चहासुद्धा चालेल. पण डोंगरातल्या जुन्या सराईत राहून गरम झऱ्याच्या पाण्यात बसायचं म्हटलं की — बघू! आणि हे कोण म्हणतंय? नीरजा. दापोलीची. दिवाळीच्या सुट्टीत मावशीबरोबर उन्हवऱ्याच्या गरम कुंडावर जायची आणि ओढून काढल्याशिवाय बाहेर यायची नाही, हे तिनंच मला शंभरदा सांगितलंय.

कारण मला माहीत आहे. इथे लिहायला हरकत नाही, कागदच आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला. आजार गेला, रिपोर्ट उत्तम. तेव्हापासून आमच्या बाथरूमला आतून कडी. घरात माणसं दोन! पोहण्याचा पासही तिनं देऊन टाकला. डॉक्टर म्हणतात, "गिव्ह हर टाइम." वा! यासाठी इतकी वर्षं शिकले.

मी स्वतः एकही परीक्षा न देता कारखान्यातल्या जपानी प्रेस मशीनची नस न् नस शिकलो. मशीनवरच्या पाट्या वाचत वाचत जपानी शिकलो. हा तर साधा प्रश्न आहे. तिला पाण्यात उतरवायचं. बाकी सगळं तपशिलाचं काम.

२१ जानेवारी

जनार्दनकडे हळदीकुंकू. बायका वर, पुरुषांची रवानगी बेसमेंटमध्ये, सोबत टीव्ही आणि उरलेले तिळगूळ. जनार्दन गेल्या वर्षी बसच्या टूरनं जपान करून आलाय, त्यामुळे आता तो त्या देशाचा अधिकृत जाणकार.

"अरे, सगळे नागवे! टॉवेलसुद्धा पाण्यात न्यायचा नाही. डोक्यावर ठेवायचा!"

"मग तू काय केलंस?"

"मी? मी बसमध्ये झोपलो."

झाला अनुभव! मी विचारलं, खासगी कुंड असतं का, म्हणजे फक्त नवरा-बायकोसाठी? डोळा मारून म्हणाला, "काय रे, या वयात?" मी तिळगूळ खाल्ला, गोड बोललो. वर्षभराचा कोटा संपला.

३ फेब्रुवारी

सकाळी दोनदा बर्फ शोव्हल केला. नगरपालिकेचा नांगर येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी सगळा बर्फ परत रचून गेला. आभारी आहे.

दुपारी अभ्यास. खासगी कुंडाचे प्रकार आहेत आणि प्रत्येकात मेख आहे. खोलीलाच जोडलेलं कुंड — ऐकायला राजेशाही, पण बऱ्याच ठिकाणी ते नळाचंच पाणी तापवतात आणि कोपऱ्यात खोटे दगड लावतात. मग तासावर राखून ठेवायचं कुंड — वेळ संपली की दारावर टकटक. नीरजाला टकटक नको. आणि तिसरं, मला पटलेलं: रिकामं दिसलं की आत शिरायचं, दाराला आतून कडी लावायची, हवं तितकं बसायचं.

आतून कडी! आमच्या घरचीच पद्धत. तिला परकं वाटणार नाही.

वेबसाइटवरचे फोटो बघून डोकं उठलं. प्रत्येक फोटोत एक कोवळी मुलगी पाठमोरी बसून डोंगर बघतेय. पाणी किती तापमानाचं, झऱ्यातून थेट येतं की फिरवून फिरवून तेच वापरतात, याचा पत्ता नाही. डोंगर मात्र सगळीकडे.

१० फेब्रुवारी

तनयचा टोरोंटोहून फोन. "बाबा, जस्ट बुक समथिंग. इट्स हॉट वॉटर."

याच्या इंजिनिअरिंगची फी मी भरली.

११ फेब्रुवारी

सापडलं! स्वतःवर खूश आहे, आणि आज लपवत नाही.

सगळ्या झऱ्यांचं पाणी नितळ नसतं. गंधकाच्या काही झऱ्यांचं पाणी पांढरं, अगदी दुधासारखं. हात बुडवला की बोटं दिसत नाहीत. खांद्यापर्यंत बसलं की माणूस म्हणजे नुसतं डोकं! कुणी बघायचा प्रश्नच नाही. तिला लाजायचं कारण नाही आणि मला — मला काही प्रश्न नव्हताच.

शिवाय मी चष्मा खोलीतच ठेवणार. चष्म्याशिवाय मला हाताच्या अंतरापलीकडे सगळं धुकं. म्हणजे दुहेरी बंदोबस्त. याला म्हणतात नियोजन. जनार्दनला कळणार नाही, तनयला कळणार नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही.

उत्तरेकडच्या डोंगरात एक लहानशी सराई आहे. पांढऱ्या पाण्याचा फोटो आहे, कडीवालं खासगी कुंडही आहे. मालकीणबाईंना जपानीत ई-मेल लिहिला. चारदा तपासला.

२५ फेब्रुवारी

बुकिंग पक्कं. पाण्याचं तापमान, झऱ्याचा उगम, कडीचा प्रकार — मालकीणबाईंनी प्रत्येक प्रश्नाचं नम्रपणे उत्तर दिलं. कडीबद्दल असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, असंही अतिशय आदरानं कळवलं.

नीरजा भाजी चिरत होती. सांगितलं.

"कडी आतून?"

"आतून."

"दुसरं कुणी नाही?"

"कुणी नाही. आणि पाणी पांढरं आहे. खनिजं जास्त असतात."

सुरी थांबली. तिनं वर पाहिलं. मग म्हणाली, "उन्हवऱ्याला आम्ही परकर छातीशी बांधून उतरायचो. एवढ्या बायकांत मागे कोण, पुढे कोण, काही कळायचं नाही." आणि पुन्हा चिरायला लागली. "बघू."

हे "बघू" वेगळं होतं. निम्मं काम झालं, असं मी समजतो.

२८ मार्च, सराई

घोटाळा.

मी, ज्यानं कडीचा प्रकारसुद्धा विचारला, त्यानं एवढंच विचारलं नाही की पांढरं पाणी कुठल्या कुंडात. इथे झरे दोन आहेत. पांढरा झरा फक्त मोठ्या सार्वजनिक कुंडांत जातो, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं. खासगी कुंडात दुसऱ्या झऱ्याचं पाणी. नितळ. तळाची फरशी मोजता येईल इतकं नितळ!

मालकीणबाईंना मी माझ्या मशीनवरच्या जपानीत विचारलं, पांढरं पाणी इकडे वळवता येईल का? पाइप कुठे आहे, मी बघू का? त्या वाकल्या. मीही वाकलो. त्या आणखी वाकल्या. पाइप राहिला बाजूलाच.

नीरजा मागे उभी. "काय म्हणतायत?"

सांगावं लागलं.

"मग नितळ तर नितळ. कडी आहे ना?"

"हो, पण... पांढरं चांगलं. तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी?"

"खनिजं."

"अहो," ती म्हणाली, अगदी हळू, "दुधाळ पाणी नक्की कुणासाठी शोधलंत? आणि चष्मा का काढलात आत्ताच?"

चष्मा खिशात होता. तिनं खोलीतला लहान टॉवेल घेतला आणि निघाली. खासगी कुंडाकडे नाही, बायकांच्या मोठ्या कुंडाकडे. पडदा बाजूला सारला आणि आत गेली. मागे वळली नाही.

मी माझ्या पारखून निवडलेल्या खासगी कुंडात एकटा बसलो. कडी उत्तम. तापमान सांगितलं होतं तेच. चष्मा नसूनही स्वतःचं पोट स्पष्ट दिसत होतं. छान! असा एकांत नशिबानंच मिळतो.

जेवणाच्या वेळी आली. गाल लाल, केस ओले, भूक सपाटून.

"तुमचं ते पांढरं पाणी चांगलं आहे हं. पण पाण्यापर्यंत चालत जावं लागतं, हे नव्हतं का वाचलं? आधी छोट्या स्टुलावर बसून अंग धुवायचं, सगळ्यांसमोर."

नव्हतं वाचलं. म्हणजे वाचलं होतं. डोक्यात आलं नाही.

"मग?"

"मग काय? एका आजीनं सरकून जागा दिली. बस. कुणी बघितलं नाही, आणि बघितलं असेल तर बघितलं." माझ्या ताटातली लोणच्याची फोड उचलली. "उद्या सकाळी आपण तुमच्या त्या नितळ कुंडात जाऊ. पण चष्मा घालून यायचं. नाहीतर मी चालले परत आजींकडे."

२९ मार्च

घालून गेलो. वाफेनं काचा सारख्या भरत होत्या. पुसत राहिलो.