‘आहेस ना?’

३ जून
आलो एकदाचे! दोन खोल्या, भरपूर उजेड, खिडकीसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. ग्राहक-सेवेतली बदली मला मानवणार बहुतेक. फोनवर चिडलेल्या माणसाला थंड करणं म्हणजे माझ्या हातचा मळ. लेकीला शाळेत पहिल्याच दिवशी मैत्रीणही मिळाली. त्या मैत्रिणीच्या पाठीवर दप्तर एवढं मोठं, की सगळे तिला कासव म्हणतात. गोड पोर आहे.

१९ जून
कासवाला मनाचा आजार आहे, औषधं चालू आहेत. भीती वाटली की लेकीला मेसेज: ‘आहेस ना?’ लगेच ‘आहे’ आलं नाही तर रडून रडून बेजार होते. दिवसातून चाळीस वेळा! लेकीचं जेवण धड नाही, अभ्यासाच्या नावानं शंख. मी तिच्या आईशी बोलले. बाई म्हणाली, तुमची मुलगी आल्यापासून आम्हाला जरा उसंत मिळते. वा रे वा! दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर!

२४ जून
लेक म्हणाली, तिला स्पष्ट सांगते, शाळेत मी तुझ्याबरोबर आहे, घरी आल्यावर फोन बंद; फारच वाटलं तर डॉक्टरांशी बोल. सोळाव्या वर्षी एवढी अक्कल! मीच मोडता घातला. म्हटलं, ती कोसळली तर? ऑफिसात आम्ही एकमेकींच्या नावानं उत्तरं देतोच की. फोन माझ्याकडे दे, ‘आहे’ मी लिहीन. ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

८ जुलै
लेक पोटभर जेवते, हसते. मी अंघोळीलाही फोन नेते. तो दूर असला तरी मांडीला थरथर जाणवते. साहेबांनी झापलं. गेला उडत.

१५ जुलै
लेकीनं कासवाला खरं सांगून टाकलं. पोरगी खूप रडली, मग डॉक्टरांकडे गेली. आता सावरतेय म्हणे. दोघी शाळेतच भेटतात. सकाळपासून फोन गप्प. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

१६ जुलै
गप्पच. घास उतरत नाही. शेवटी मीच विचारलं— आहेस ना?

१८ जुलै
बावन्न वेळा विचारलं. लेकीनं फोन काढून घेतला. मग माझ्या फोनवरून विचारलं— कासवानं ब्लॉक केलं. मला! जिच्यासाठी मी—

१९ जुलै
कासवाच्या दारात बसलेय. तिची आई म्हणाली, ती बरी आहे, तुम्ही घरी जा. आतून कडी लावली. लेक न्यायला आलीय— रडतेय, हात ओढतेय— लिहू देत नाही. पडदा हलला. म्हणजे आहे. आहे ना? एकदाच हाक मारते, मग घरी—