बर्फाचा मुका

८ जानेवारी, सोमवार

जुळलं! माझं आणि हेसेलचं. पूर्ण. हेसेलवर उपचार करणाऱ्या डॉ. पोस्टमांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, सख्खी भावंडं असली तरी चारांत एखाद्याचंच असं जुळतं, आणि हेसेलला तर भाऊ एकच. त्यांचा आवाज आनंदी होता. मी म्हटलं, "बरं."

बरं! ज्या माणसाला गावोगावच्या सभागृहांत घड्याळ दाखवून खाली बसवावं लागतं, त्याला एवढाच शब्द सुचला.

हेसेलचा रक्ताचा कर्करोग औषधांनी दबलाय, गेलेला नाही. आता त्याच्या हाडांतली मज्जा पूर्ण मारायची आणि तिच्या जागी माझ्या रक्तातल्या मूळ पेशी सोडायच्या. याखेरीज तो वाचत नाही.

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या फेनाने ही बातमी लॅबभर केली. आमच्याकडे ज्याची चांगली बातमी, केक त्याने आणायचा. पावसातून सायकल मारत जाऊन मी आणला. सगळ्यांनी हात मिळवले. मी केक कापला. तुकडे अगदी सारखे आले. आत काहीच हललं नाही.

१० जानेवारी, बुधवार

हेसेलकडे रुग्णालयात. खिडकीजवळची खाट मागून घेतलीय. गावच्या स्केटिंग क्लबचा बर्फ हाच बघतो — कुठे चालता येईल, कुठे दोरी बांधायची. खाटेवरूनही तेच चाललंय. काल रात्री पारा किती उतरला, कालव्याच्या कडेला पापुद्रा धरला का.

"तुझं रक्त आलं की मी पण भाषणं ठोकणार का रे?" म्हणाला. "तसं असेल तर आत्ताच सांग. मरायला माझी ना नाही."

मग म्हणाला, या वर्षी कालवा गोठला तर माझ्या वाटचं स्केटिंग तू कर. पडशीलच. घेईल बर्फ तुझा मुका.

बर्फाचा मुका! मेमचा, म्हणजे आमच्या आईचा शब्द. आमच्या अंगावर निळा डाग दिसला की आई म्हणायची, घेतला वाटतं बर्फाने मुका? आमची कातडीच तशी. एकदा शाळेच्या बाईंनी वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरांना मारता का? वडील म्हणाले, "बाई, बर्फावरची पोरं आहेत ही."

दोघं हसलो. हसलो असं लिहितोय, कारण तोंड तसं झालं होतं.

१३ जानेवारी, शनिवार

वाटाण्याचं सूप केलं, खाल्लं, भांडं घासलं.

१६ जानेवारी, मंगळवार

ड्राख्तनच्या वाचनालयात भाषण. आधीच ठरलेलं. रद्द करायला कारण सुचलं नाही. सभागृह भरलेलं. नेहमीचं बोललो. रक्ताची प्रत्येक पेशी आधी कोवळी असते. तिचं पुढे काय व्हायचं हे तिच्यातली जनुकं ठरवतात, आणि त्यांतलं कोणतं कधी चालू, कधी बंद, हे बघणारा एक मुकादम असतो. तोही एक जनुकच. हा मुकादम दुप्पट ओरडायला लागला की पेशी मोठ्या व्हायच्या थांबतात, कोवळ्याच्या कोवळ्या वाढत सुटतात. हाच ल्युकेमिया! आणा त्याचा आवाज निम्म्यावर! इथे मी मूठ आपटतो. आजही आपटली. टाळ्या.

हे मी नुसतं सांगत नाही, मानतो. आम्ही रुग्णांचे नमुने वर्षानुवर्षं मोजलेत. निरोगी मज्जेतला मुकादम एक धरला, तर त्यांच्यातला दोन भरतो. प्रत्येक वेळी. स्वीडनच्या एक बाई परिषदेत उठून म्हणाल्या होत्या की त्यांना दुप्पट मिळत नाही. भर सभेत सोलून काढलं त्यांना. त्या पाणी प्यायल्या आणि खाली बसल्या.

आज मूठ आपटताना वाटलं, ही दुसऱ्याच कोणाची तरी मूठ आहे.

१९ जानेवारी, शुक्रवार

लॅबमधली निरोगी मज्जा संपत आली. ती माझीच. लॅब उभी केली तेव्हा धडधाकट माणसाची मज्जा मिळेना. हाडात सुई खुपसून घ्यायची हौस कोणाला? मग मीच पालथा झोपलो. काढली, गोठवली, कुप्यांवर 'निरोगी' लिहिलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक रुग्णाला माझ्याशी ताडून बघतोय. कोणी पाहुणा आला की फेना माझ्याकडे बोट दाखवून सांगते, आमच्याकडे एक म्हणजे ओने.

आता ती दुसरी सोय करतेय. खुबा बदलायच्या शस्त्रक्रियेत जे हाड काढून टाकतात, त्यातली मज्जा. पहिला नमुना एका होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याचा. मुकादम — दोन! धडधाकट माणसात दोन? मी म्हटलं, नमुना बिघडलाय, फेक.

"ओने, तो म्हातारा नर्सला मागणी घालून बसलाय," फेना म्हणाली. "ल्युकेमिया नाही त्याला."

फेकायला लावला.

२३ जानेवारी, मंगळवार

दाता म्हणून माझी तपासणी. हृदय, यकृत, सगळं ठीक. प्लेटलेट जरा कमी, काठावर. पोस्टमाबाईंनी विचारलं, सहज निळे डाग पडतात का? म्हटलं, आमचं घर स्केटिंगवाल्यांचं. त्या हसल्या. त्याही इकडच्याच, फ्रीसलँडच्या. पुढचा प्रश्न विचारला.

जाता जाता म्हणाल्या, हेसेलची जनुकं अक्षर-अक्षर वाचून घेतलीत. घराण्यात काही असावं असं दिसत नाही. तुमच्या लाडक्या मुकादमातही एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

पुढच्या बुधवारी त्याची मज्जा मारायला सुरुवात. ती एकदा सुरू झाली की मागे फिरता येत नाही. मग माझ्या पेशी, नाहीतर काहीच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. बहुधा माझ्या चेहऱ्याकडे बघून. मी ऐकत नाही असं वाटलं असेल.

२५ जानेवारी, गुरुवार

दुसरा नमुना — दोन. तिसरा — दोन. एक शाळामास्तरीण, एक बेकरीवाला. माझा आवाज चढला. गोठवण्यात चूक, वितळवण्यात चूक, हात धुण्यात चूक. फेनाने सगळं ऐकून घेतलं आणि हातमोजे काढले.

"होडीवाला दोन, मास्तरीण दोन, बेकरीवाला दोन. एक फक्त तू, ओने. जगावेगळा माणूस म्हणतात तो हा."

सगळे हसले. मीही. सोमवारी पुन्हा मोजू म्हटलं आणि घरी आलो. ब्रेड, चीज. रेडिओ लावला, बंद केला.

२८ जानेवारी, रविवार

कालवा गोठला. हेसेलचा सकाळीच निरोप — माझे स्केट्स फडताळात आहेत, जा. त्याच्या घरची किल्ली माझ्याकडे असतेच. पुलापर्यंत जाऊन आलो. सगळं गाव बर्फावर होतं. लोक थांबवून त्याची चौकशी करत होते आणि मला म्हणत होते, मोठं काम करतोयस. परतताना काठाशी गुडघा टेकला. पडलो म्हणण्याइतकंही नाही.

हेसेलच्या स्वयंपाकघरात विजार वर केली. तळहाताएवढा डाग. जांभळा. एवढ्याशा टेकण्याने!

समोर भिंतीवर मेमचा फोटो. लहानपणापासून बघत आलोय. टेर्सखेलिंगच्या समुद्रावर, बिनबाह्यांचा झगा, हातात बादली, उन्हाने डोळे बारीक केलेत. आज तिचे दंड बघितले. निळे डाग, पिवळे डाग, मनगटापर्यंत.

फोटो ऑगस्टमधला आहे.

आणि मेम स्केटिंग करायचीच नाही. कधीच नाही! तिला बर्फाची भीती वाटायची. ती काठावर कॉफीचा थर्मास धरून उभी असायची.

मग तिचे मुके कोणी घेतले?

पिवळ्या दिव्याखाली बसून राहिलो. गुडघा दुखत नव्हता. फेनाचं वाक्य डोक्यात फिरत होतं. एक फक्त तू. उद्या लॅब उघडेपर्यंत थांबायचं.

२९ जानेवारी, सोमवार

ते दोन नाहीत. मी अर्धा आहे.

फेनाला माझी शेवटची कुपी काढायला सांगितली. या वेळी मुकादम किती ओरडतो ते नाही मोजायचं. मुकादमच किती आहेत ते मोज. प्रत्येक माणसात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. माझ्यात एकच. दुसरी मुळापासून गायब. पानच नसेल तर त्यावर अक्षर कसलं चुकणार? रुग्णालयाने हेसेलचं उरलेलं पान वाचलं आणि शुद्ध आहे म्हणून सांगितलं.

फेनाने आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "तू बस. फोन मी लावते."

फोनवर मात्र मीच बोललो. पोस्टमाबाईंनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग त्यांनी उद्या-परवाचं सगळं थांबवलं. हेसेलच्या कातडीचा तुकडा तपासायला गेलाय. मला शंका नाही. मेमकडून दोघांना सारखंच आलंय. हा मुकादम अर्धा असला की प्लेटलेट कमी पडतात, जरा टेकलं तरी डाग उठतात, आणि रक्त आज ना उद्या बिघडतं. माझ्या पेशी त्याच्यात घातल्या असत्या, तर बिघडलेली मज्जा मारून तिच्या जागी तीच पुन्हा पेरली असती. आता जगभरच्या अनोळखी दात्यांत शोध. पोस्टमाबाई म्हणतात, वेळ आहे. थोडा आहे.

दुप्पट कोणी ओरडतच नव्हतं. सगळे रुग्ण जेवढ्यास तेवढे होते. स्वीडनच्या बाईंना पत्र टाकायला हवं. त्यांनी बरोबर मोजलं होतं. हे लिहितानाही काही वाटत नाही. इतक्या वर्षांच्या भाषणांचं एवढंच झालं, आणि मी पेन्सिलला टोक करतोय.

३० जानेवारी, मंगळवार

हेसेलला सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, मूठ न आपटता. माझ्या पेशी तुला चालणार नाहीत, तुझ्यात जे आहे तेच माझ्यात आहे.

त्याने माझी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हातावरचे निळे डाग बघत राहिला. थट्टा येईल म्हणून मी थांबलो.

"मग तुला कोण देणार रे?" म्हणाला.